पट्टी लाल कधी झाली?

१

फोन खाली ठेवल्यावर ऑपरेटरांनी पहिल्यांदा खोलीच्या दाराला आतून कडी घातली. मग भिंतीला हात लावत ते परत टेबलाशी आले आणि पाठ असलेला एक नंबर लावला.

"माझी बायको गेली," ते म्हणाले. "घरचे मला सांगत नाहीत. उलट तिच्या आवाजात मला फोन करतायत."

पलीकडे ज्या बाई होत्या, त्यांचा हुद्दा ध्वनितपासनीस असा होता. रेकॉर्डिंग खरं की जोडकाम, हे त्या कोर्टात सांगत. पोलीस आणि वकील मात्र त्यांना कानवाल्या बाई म्हणत.

"आपण कोण बोलताय?"

"तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखतो. कोर्टाच्या एक्स्चेंजला ऑपरेटर होतो. निवृत्त होईपर्यंत तुमचे फोन मीच जोडले. तुम्ही नमस्कार-चमत्कार करत नाही, थेट एक्स्टेंशन सांगता."

बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "सांगा."

ऑपरेटरांनी क्रमाने सांगितलं. ते जन्मापासून आंधळे. बायको पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी, अंधांच्या ग्रंथालयासाठी. तिच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढून टाकायचं ठरलं. ऑपरेशननंतर ती कधीच बोलू शकणार नव्हती. पाटीवर लिहिलेलं नवऱ्याला दिसणार नव्हतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी तिने घरीच शेकडो वाक्यं वाचून रेकॉर्ड केली. त्यावरून एका कंपनीने तिचा आवाज तयार करून दिला. तिने टॅबवर टाइप करायचं, टॅबने तिच्या आवाजात बोलायचं, अशी सोय.

"शेवटी शेवटी तिचा आवाज दुपारपर्यंतच टिकायचा," ते म्हणाले. "संध्याकाळी नुसती कुजबुज. तरी तिने वाचलं. ऑपरेशन झालं, मी तीन दिवस हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून होतो. मग वॉर्डात संसर्ग पसरला म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. तिचा हातसुद्धा हातात दिला नाही. त्यानंतर परवापासून हे फोन."

"काय म्हणाला तो आवाज?"

"पहिल्यांदा 'जेवलास का.' बस, एवढंच. मला कळलं. तो तिच्यासारखा आहे, बाई, फार तिच्यासारखा आहे. पण तिचा नाही. ती जिवंत असती तर तिला दुसऱ्याचा आवाज कशाला लागला असता?"

बोलताना ते दर वाक्याला थांबत होते. बाईंना ते थांबणं आवडलं नाही.

"तुम्हाला औषधं कोणती चालू आहेत?"

"हृदयाची. परवापासून बंद केली."

"डॉक्टरांनी?"

"मी."

२

दार उघडलं ते ऑपरेटरांच्या मोठ्या बहिणीने. घरात त्यांना सगळे अक्का म्हणत. शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही समोरच्याकडे उशिरा आलेल्या मुलासारखं बघत.

"मोठ्याने बोला," त्या म्हणाल्या. "कानातलं मशीन काढून ठेवलंय. घातलं की डोक्यात माशी शिरल्यासारखं होतं. तुम्ही त्या कानवाल्या ना? बरी जोडी जमली आपली."

मागे ऑपरेटरांची मेहुणी उभी होती. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करणारी, चाळिशीची, झोप न झालेली. घरात तिचं नाव धाकटी.

"भाऊजी दार उघडत नाहीत," ती म्हणाली. "ताट तसंच परत येतं. डॉक्टर म्हणतात, गोळ्या अशाच बंद राहिल्या तर हे चार दिवससुद्धा काढणार नाहीत. बाई, तुम्ही त्यांना पटवा. ताई जिवंत आहे. मी रोज तिला काचेतून बघून येते."

"तो आवाज तिचा नाही, असं ते म्हणतात."

"मशीनमधून आलेला आवाज थोडा वेगळा लागणारच ना?" हे ती जरा जास्तच भरभर बोलली.

अक्कांना संभाषणाचा अर्धा भाग ऐकू आला असावा. "ती बोलत होती तेव्हा या घरात कुणी ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "आता सगळे आवाज-आवाज करतायत."

"तुमचं आणि वहिनींचं कसं होतं?"

"नव्हतंच. बोलणंच बंद होतं. सुरुवात कशावरून झाली ते विचारू नका, मला आठवत नाही, आणि तिलाही आठवत नसणार. पण माघार घेणारी मी नाही आणि ती तर मुळीच नाही."

"त्यांची ही वाक्यं ऐकलीत कधी?"

"मी कशाला ऐकायला जाते? आणि ती काय वाक्यं म्हणायची? 'जिन्याखालच्या कपाटात तीन छत्र्या आहेत.' शहाणं माणूस असं बोलतं का?" आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

धाकटीने रेकॉर्डिंगची जागा दाखवली. कपड्यांचं मोठं कपाट रिकामं करून आत रजया टांगल्या होत्या, मधोमध माइक. कपाटाबाहेर स्टुलावर लॅपटॉप. ताई आत बसून वाचायची, धाकटी बाहेर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सांभाळायची. वाक्यं कंपनीकडून एकेक करून ताईच्या टॅबवर येत आणि वाचून झालं की निघून जात. कागदावर काहीच नव्हतं.

"तुम्हाला हे सॉफ्टवेअर येत होतं?"

"छे. कंपनीतल्या माणसाने फोनवर शिकवलं. म्हणाला, डावीकडची पट्टी बघत राहा. आवाज आला की ती वर चढते. हिरवी असली की उत्तम, अधूनमधून पिवळी झाली तरी चालेल. लाल झाली की आवाज फुटला समजा, ते वाक्य पुन्हा घ्या. आणि बाकी कशालाही हात लावू नका. मी नाही लावला."

"लाल झाली कधी?"

"रेकॉर्ड करताना एकदाही नाही."

रेकॉर्ड करताना, असं बाईंनी विचारलं नव्हतं.

३

वॉर्डाच्या काचेपलीकडे एक बाई उशीला टेकून बसली होती. गळ्याला पट्ट्या, गळ्याच्या खालच्या भागात श्वासाची नळी, मांडीवर पांढरी पाटी. बाजूच्या टेबलावर टॅब पालथा पडला होता. अलीकडचं बोलणं तिला स्पीकरवरून ऐकू जात होतं. नर्सने बजावलं होतं की पाच मिनिटांच्या वर एक मिनिट मिळणार नाही.

काचेच्या अलीकडे कानवाल्या बाई आणि धाकटी उभ्या होत्या.

"तुमच्या यजमानांनी मला बोलावलंय," बाई म्हणाल्या. "टॅबमधला आवाज तुमचा नाही असं ते म्हणतात. त्यातली दोन वाक्यं मी आणली आहेत. ऐकवते, मग सांगा."

त्यांनी फोन वर धरला. बटण अजून दाबलं नव्हतं, तोवर काचेपलीकडच्या बाईने धाकटीकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं. माझाच आहे.

"ऐकायचं नाही?"

तिने मान हलवली. नको. मग पाटी पुसून तिने घाईघाईने लिहिलं. तो जेवतो का?

धाकटी काहीतरी गोड सांगायला पुढे झाली. बाईंनी तिला थांबवलं.

"नाही. गोळ्याही सोडल्यात. तुम्ही गेलात असं त्यांनी धरलंय."

काचेपलीकडची बाई उठायला गेली. आतली नर्स धावत आली आणि तिने तिला खांद्यांना धरून परत बसवलं. तिचं तोंड उघडं होतं. आवाज नव्हता. मग तिने पाटीवर इतक्या जोरात लिहिलं की पेनाचं टोक आत गेलं. त्याला सांगा मी आहे.

बाईंनी तासाभरात हे जसंच्या तसं ऑपरेटरांच्या बंद दारापाशी उभं राहून सांगितलं.

"तुम्ही माझ्या बायकोला आधी कधी पाहिलं होतंत?" आतून प्रश्न आला.

"नाही."

"मग काचेमागे कुणीही बाई बसू शकते. गळ्याला पट्ट्या बांधलेल्या काय कमी असतात त्या हॉस्पिटलात?"

"फोनवर काहीतरी विचारा, जे फक्त तिलाच माहीत आहे."

"विचारलं. उत्तर बरोबर आलं. पण ती आणि तिची बहीण, दोघींनी एकमेकींपासून आयुष्यात काही लपवलेलं नाही. धाकटीला तेही माहीत असणार." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "बाई, मी आयुष्यभर आवाजांवरच माणसं ओळखली. तुम्ही मला तिचा खरा आवाज आणून द्या, नाहीतर ती गेली असं स्पष्ट सांगा. मधलं काही सांगू नका. मधलं ऐकायची ताकद राहिलेली नाही."

दार बंदच राहिलं. बाईंच्या डोक्यात दुसरंच काही फिरत होतं. ज्या बाईने अर्धं आयुष्य स्वतःचाच आवाज रेकॉर्डिंगमधून ऐकण्यात घालवलं, तिने आपला आवाज ओळखायला आवाज ऐकायचीही तसदी घेतली नव्हती. उत्तर आधीच तयार होतं.

४

दिवाणखान्याच्या टेबलावर बाईंनी आपला लॅपटॉप उघडला. दोन फाइली समोर घेतल्या. एक ग्रंथालयाकडून मागवलेलं जुनं पुस्तक. दुसरी कंपनीकडे पाठवलेल्या वाक्यांची.

"आता मी आवाज बंद करते," त्या म्हणाल्या.

धाकटी गोंधळली. "ऐकणार नाही?"

"कान मला फसवतील. गळा फार सारखा आहे. पट्टी फसवत नाही, तिला गळा कळतच नाही. तिला फक्त किती, ते कळतं."

त्यांनी पडद्यावरची उभी पट्टी मोठी केली. तिच्या बाजूला आकडे होते, सगळ्यात वर शून्य आणि खाली उणे आकडे वाढत गेलेले. "शून्य म्हणजे छत," बाई म्हणाल्या. "आवाज त्याला लागला की फुटतो. चांगला वाचणारा छताच्या बराच खाली एक उंची धरतो आणि तिथेच राहतो."

पहिली फाइल सुरू झाली. खोलीत शांतता आणि पडद्यावर हिरवी पट्टी. भरलेलं भांडं न हिंदकळता नेत जावं तशी ती एका उंचीवर राहिली. वाक्य संपताना अलगद खाली, पुढच्याला अलगद वर.

"ही तुमची ताई. 'प' किंवा 'फ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो, माइकला तो धक्क्यासारखा लागतो. सवयीचा माणूस त्या अक्षराला मान जराशी वळवतो. बघा, एकही धक्का नाही."

दुसरी फाइल. पट्टी उसळली. पडली. पुन्हा उसळली. दोन वाक्यांच्या मध्ये ती तळाला जाऊन बसे आणि मग ठेच लागल्यासारखी वर येई.

"आजारी होती ना ती," धाकटी म्हणाली. "दम लागायचा."

"तेच बघू. शेवटची वाक्यं लावते." बाईंनी फाइल शेवटाकडे नेली. "तुमचे भाऊजी म्हणाले, संध्याकाळपर्यंत नुसती कुजबुज उरायची. आजारी गळ्याची पट्टी दिवसभरात खाली खाली यायला हवी. ही पहिल्या वाक्याला जिथे होती, तिथेच शेवटच्यालाही आहे. हे वाचणारी व्यक्ती माइकसमोर नवखी आहे, तिची तब्येत ठणठणीत आहे, आणि तिचा गळा याच घरातला आहे."

त्यांनी आवाज सुरू केला नाही. लॅपटॉपवरून नजर काढून त्या धाकटीकडे बघत राहिल्या.

"भाऊजी बरोबर म्हणतायत," धाकटी म्हणाली. "मी आहे ती."

५

ती खुर्चीत नीट बसली, जणू दवाखान्यात कुणाची तारीख लिहून घेणार आहे, आणि सांगू लागली.

"ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच घरी आले. फाइली कंपनीला पाठवायच्या होत्या. म्हटलं, पाठवण्याआधी एकदा ऐकावं. हेडफोन लावला. नुसती खरखर, बाई. प्रत्येक शब्द फाटलेला. पट्टी लालभडक, प्रत्येक वाक्याला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या फाइली लावून बघितल्या. एकही धड नाही."

"कंपनीला फोन केलात?"

"काय सांगू त्यांना? त्यांनी एकच काम दिलं होतं मला. पट्टी बघायचं. आणि ताईच्या गळ्यात तेव्हा काहीच राहिलं नव्हतं. सकाळीच काढलं होतं सगळं. पुन्हा वाच म्हणून कुणाला सांगणार होते मी?" तिने हाताचे तळवे टेबलावर पालथे ठेवले. "लहानपणापासून फोनवर लोक आम्हा दोघींत घोटाळा करायचे. भाऊजी हॉस्पिटलात होते. त्या खरखरीतून एकेक वाक्य ओळखत मी दोन दिवस कपाटात बसून सगळं पुन्हा वाचलं. परत ऐकायची हिंमत झाली नाही, तसंच पाठवून दिलं."

"आणि ताईंना?"

"नर्सकडून टॅब आत पाठवला तेव्हा काचेपलीकडे तिने पहिलं वाक्य टाइप केलं. ऐकलं. माझ्याकडे बघितलं. मग पाटीवर लिहिलं, छान झालाय."

"त्यांना तिथेच कळलं."

"हो. मलाही कळलं की तिला कळलं. दोघी गप्प बसलो. तिला वाटलं असणार की आता दुसरा इलाजच नाही, तर मला कशाला उघडं पाडायचं." तिने तळवे उचलून मांडीवर घेतले. "पण भाऊजी असं काही धरतील हे नव्हतं हो वाटलं. आता खरं सांगितलं तर ते म्हणतील, ही एवढं खोटं बोलली, तर ताई जिवंत आहे हेही खोटंच. माझ्या शब्दाला किंमतच उरली नाही. मी काय करू?"

बाईंनी आपला लॅपटॉप मिटला. "ते फुटलेलं रेकॉर्डिंग कुठे आहे?"

"पुसलं."

"नाही पुसलंत."

"सांगते ना, पुसलं."

"तुमच्या बहिणीचा तो शेवटचा आवाज होता. फुटका का असेना. तुम्ही तिच्यासाठी दोन दिवस रजयांत घुसमटून वाचलंत. तुमच्याने ते पुसवलं नसणार. लपवलं असेल."

धाकटी उठून आत गेली. स्टुलावरचा रेकॉर्डिंगचा लॅपटॉप तिने टेबलावर आणून ठेवला. विजेच्या बिलांच्या नावाखाली एक फोल्डर होतं. तिने ते रेकॉर्डिंग उघडलं, सॉफ्टवेअरचा पूर्ण पडदा समोर आला, आणि तिने पहिलं वाक्य लावलं.

खोलीत खरखर भरली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज, आणि त्याच्या आड कुठेतरी एक बाई. पडद्यावर लाल.

"बघा," धाकटी म्हणाली. "काही उरलंय का?"

बाई पुढे वाकल्या. "कोणती पट्टी लाल आहे?"

६

"म्हणजे?"

"पडद्यावर दोन आहेत. डावीकडची बघा."

धाकटीने पाहिलं. डावीकडची पट्टी हिरवी होती. एका उंचीवर, अलगद. दुपारनंतरच्या वाक्यांत ती हळूहळू खाली उतरत गेली, पण उसळली एकदाही नाही. लाल होती ती उजवीकडची.

"डावीकडची म्हणजे फाइलीत जे आहे ते," बाई म्हणाल्या. "उजवीकडची म्हणजे हेडफोनकडे किंवा स्पीकरकडे जे जातंय ते. तिच्याशेजारी आवाज कमीजास्त करायचा हा स्लायडर आहे. तो टोकाला नेलेला आहे. फाइलीला काहीही झालेलं नाही. फाइल आणि तुमचा कान यांच्या मधे कुणीतरी आवाज एवढा चढवलाय की तो वाटेतच फुटतोय."

"मी हात नाही लावला."

"माहीत आहे. हात लावू नका असं तुम्हाला सांगितलं होतं. लावला असतात तर चुकून का होईना हे सुटलं असतं."

त्यांनी स्लायडर हळूहळू खाली आणला. खरखर विरत गेली. आणि मग थकलेल्या, किंचित घोगऱ्या, पण प्रत्येक अक्षर जागेवर ठेवणाऱ्या आवाजात एक बाई म्हणाली, "उद्या सकाळी पाणी लवकर जाणार आहे."

धाकटी खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली. तिने तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले, आणि तरीही तिचं रडणं बंद दारापलीकडे ऐकू गेलं असणार.

"कुणी केलं हे?" तिने विचारलं.

"लॅपटॉप शेवटचा बंद केलात तेव्हा सगळं ठीक होतं?"

"हो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. ताईने शेवटची काही वाक्यं परत ऐकली होती."

"आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाल. त्या दिवशी तुमची ताई ऑपरेशन थिएटरमध्ये, तुम्ही आणि भाऊजी व्हरांड्यात. घरी एकच माणूस."

अक्का स्वयंपाकघरात आधीच धुतलेली भांडी पुन्हा धूत होत्या. बाईंनी नळ बंद केला आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "जिन्याखालच्या कपाटात तीन छत्र्या आहेत. हे वाक्य कागदावर कुठेच नव्हतं, अक्का. ते टॅबवर आलं आणि गेलं. ते माहीत व्हायला रेकॉर्डिंग ऐकावं लागतं."

अक्कांनी हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"काही ऐकूच येईना," त्या म्हणाल्या. "कानात मशीन ठेवलं तर वर हेडफोन बसत नव्हता. मग ते मशीन काढलं आणि पडद्यावरचं ते बटण वर सरकवलं. पार वर. तेव्हा कुठे कळायला लागलं."

"खरखर नाही जाणवली?"

"माझ्या कानाला सगळंच खरखरतं."

"पण ऐकलंत कशाला? तुमचं तर बोलणं नव्हतं."

"म्हणूनच. इतकी वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. त्या सकाळनंतर ती कुणाशीच बोलणार नव्हती." अक्कांनी ओला टॉवेल घडी करून पुन्हा उलगडला. "म्हटलं, निदान छत्र्यांचं तरी ऐकू."

दारात धाकटी उभी होती, काहीतरी पुटपुटत. अक्कांनी तिचा चेहरा पाहिला. तिच्या ओठांवरून त्यांना सगळं कळलं नाही, पण आपल्या हातून काहीतरी झालंय एवढं कळलं.

"मी काय केलं?" त्यांनी विचारलं. "कुणीतरी मोठ्याने सांगा, मी काय केलं?"

७

कंपनीतला माणूस फोनवर म्हणाला, खऱ्या फाइली आजच पाठवा, नवा आवाज आठवड्याभरात होईल.

"आठवडा," धाकटी म्हणाली. "भाऊजींकडे आठवडा आहे का?"

"आणि आवाज आज मिळाला असता तरी उपयोग नव्हता," बाई म्हणाल्या. "टॅब गेलेल्या माणसाच्या आवाजातही बोलेल. तेवढं त्यांना कळतं. आवाज खरा आहे हे मी सिद्ध करीन. ती आहे हे मशीन सिद्ध करू शकत नाही."

"मग कोण करणार?"

"तुम्ही. दारापाशी जा आणि मला सांगितलंत ते सगळं सांगा. काही वगळू नका."

"ते मला कधी माफ करणार नाहीत."

"नसतील करत. पण आत्ता त्यांना माफी नको आहे, उत्तर हवं आहे. आवाज दुसऱ्याचा का होता, याला आतापर्यंत त्यांच्याकडे एकच उत्तर आहे."

धाकटी दाराला पाठ लावून बसली आणि बोलली. खरखर, कपाट, दोन दिवस, छान झालाय. आतून काहीही आलं नाही. तिचं बोलणं संपल्यावरही नाही. बाई घड्याळाकडे बघायचं टाळत उभ्या होत्या.

"म्हणजे 'जेवलास का' तू म्हणालीस," शेवटी आतून आलं.

"गळा माझा, भाऊजी. टाइप ताईने केलं होतं."

"ती तुझी बाजू घेऊन माझ्याशी खोटं बोलली?"

"हो."

मग खूप सावकाश सरकणारी पावलं, आणि कडीचा आवाज.

दारात उभ्या ऑपरेटरांचे ओठ निळसर दिसत होते. त्यांनी चौकट दोन्ही हातांनी धरली होती. "फोन लाव," ते धाकटीला म्हणाले. "ते मशीन नको. तिचं ऐकणं चालू ठेव, तिने टाइप करावं, तू वाच. पण तुझ्या आवाजात, तू म्हणून. तिचं सोंग नको."

नर्सने वॉर्डात स्पीकर सुरू केला. धाकटीच्या फोनवर अक्षरं उमटू लागली.

"ताई म्हणते, गोळ्या घे."

"तिला म्हणावं, आधी मला सांग, का लपवलंस?"

"ताई म्हणते, तुला कळणार नाही असं वाटलं."

"मला?"

धाकटी थांबली. "ताई म्हणते, चुकलं."

"तिला सांग, मी इतके दिवस तिच्या नावाने..."

अक्षरं आली. धाकटीला ती वाचता येईनात. बाईंनी फोन तिच्या हातातून घेतला, पाहिला आणि परत तिच्या हातात दिला. ते तिनेच वाचायला हवं होतं.

"ताई म्हणते, माहीत आहे. मी काचेमागे होते आणि मला ओरडता येत नव्हतं."

अक्का पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन भावाशेजारी येऊन उभ्या होत्या. "काय म्हणते ती?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू येत नाही. मोठ्याने वाच ना."

धाकटीने तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने वाचलं. अक्कांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

ऑपरेटरांनी तळवा पुढे केला. अक्कांनी त्यावर गोळी ठेवली, दुसऱ्या हातात पेला दिला. त्यांनी हात तोंडाकडे नेला आणि खाली आणला. धाकटीने डोळे मिटून श्वास सोडला.

"घेतली," ऑपरेटर फोनच्या दिशेने म्हणाले. "झालं समाधान?"

फोनवर अक्षरं आली. धाकटीने ती वाचायला सुरुवात केली, अडखळली, आणि भाऊजींच्या हाताकडे बघून पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"ताई म्हणते, घोट ऐकू आला नाही. मूठ उघड."

बाई हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

ऑपरेटरांनी मूठ उघडली. गोळी तळहाताला चिकटलेली होती. ते तसेच उभे राहिले, चेहरा फोनकडे.

मग त्यांनी गोळी जिभेवर ठेवली, पेला उचलला, आणि तिकडे ऐकू जाईल असा मोठा घोट घेतला.